पोर खरं बोलत होती

आपल्या गावच्या ग्रुपवरचे सगळे वडीलधारे, भाऊजी, जावा, सुना आणि पोरंबाळं यांना सप्रेम नमस्कार.

मी या गावची सून. पलूस तालुक्यातलं आपलं गाव, कृष्णा चालत पाऊण तासावर, घरची पावणेदोन एकर द्राक्षबाग. लग्न होऊन आले त्याला आता तीस वर्षं होतील. त्याआधी सांगलीला विलिंग्डन कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. हे सांगायची वेळ आजवर आली नव्हती. आज सांगते, कारण ज्या विषयावरून ग्रुपवर एका पोरीला गप्प बसवलं, तो विषय मी शिकले आहे, आणि तरीही त्या दिवशी तिच्या बाजूने मी एक ओळ लिहिली नाही.

हे ग्रुपवर न टाकता असं उघड का लिहितेय, तेही सांगते. ग्रुपवर लांबलचक कुणी वाचत नाही. आणि जे आपल्याकडे झालं ते आजूबाजूच्या गावांतही होतंच. पत्र आपल्या गावाला आहे, पण वाचावं सगळ्यांनी.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या सकाळी, ग्रुपवर एक फोटो आला. चंद्राची करडी माती आणि तिच्यात चाकाने उमटवल्यासारखी दोन ठसठशीत चिन्हं, एक अशोकस्तंभ आणि दुसरं इस्रोचं बोधचिन्ह. खाली लिहिलं होतं की चंद्रावर वारा नाही, त्यामुळे हे ठसे कायम राहणार. भराभर सगळ्यांनी हात जोडले. साडेनऊच्या सुमाराला दहावीतल्या एका पोरीने वडिलांच्या मोबाईलवरून लिहिलं, ‘काका, हा खरा फोटो नाही. कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र आहे. इस्रोचे फोटो मी बघितलेत, त्यात ठसे असे दिसत नाहीत.’

एवढंच लिहिलं होतं तिने. उद्धट शब्द एक नाही. त्यावर आधी हसण्याची चिन्हं आली. मग एकाने लिहिलं, अभ्यास कर, मोठ्यांना शिकवू नको. दुसऱ्याने लिहिलं, देशाचा अभिमान नसेल त्यांनी निदान गप्प बसावं. तिसऱ्याने तिच्या वडिलांचं नाव घेऊन सुनावलं की पोरींच्या हातात मोबाईल देऊ नका. दुपारी वडिलांनी माफी मागितली, तिचा मजकूर पुसला आणि दिवेलागणीला ते स्वतःच ग्रुपमधून बाहेर पडले. शेताच्या कामात दिवसभर कष्ट उपसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस तो. त्याने माफी कशाची मागितली? पोरगी खरं बोलली याची.

होय, पोर खरं बोलत होती. ते चित्र २०२३ सालचं आहे. चंद्रयान-३ उतरण्याच्या सुमाराला एका हौशी कलाकाराने ते संगणकावर तयार केलं होतं. हा खरा फोटो आहे असा दावा त्याचा नव्हता. तो दावा पुढे पाठवणाऱ्यांनी चिकटवला.

आता खरं काय घडलं ते ऐका, कारण ते त्या चित्रापेक्षा कितीतरी मोलाचं आहे, आणि शेतकऱ्याला तर ते लगेच समजेल. चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरला. त्यातून उतरलेली प्रज्ञान ही गाडी फक्त २६ किलोची, खताच्या अर्ध्या पोत्याएवढ्या वजनाची. चालायचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. सहा चाकांपैकी मागच्या चाकांवर ती दोन चिन्हं खरोखरच कोरलेली होती, मातीत ठसा उमटावा म्हणून. पण ठसे स्पष्ट उमटले नाहीत. का? कारण तिथली माती भुसभुशीत पिठासारखी नव्हती, तिच्यात ढेकळं होती. वाफसा नसलेल्या रानात ढेकळांवरून बैल गेला तर खुराचा ठसा नीट उठतो का? तसंच. म्हणजे ठसा न उमटणं हीच एक बातमी होती, तिथली जमीन कशी आहे हे सांगणारी. आपण ती बातमी पुसली आणि तिच्या जागी रंगवलेलं चित्र लावलं.

आणखी एक. विक्रमने चंद्राच्या मातीत तापमान मोजायची एक सळई खुपसली होती. वरचा थर पन्नास अंशांच्या आसपास तापलेला, आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. वीतभरसुद्धा नाही, चार बोटं खाली, आणि साठ अंशांचा फरक! उन्हाळ्यात आपण बागेत उसाच्या पाचटाचं आच्छादन घालतो ते कशासाठी हे ज्याला कळतं, त्याला हे वाचून अंगावर काटा येईल. चंद्राची वरची माती स्वतःच आच्छादनाचं काम करते, उष्णता खाली जाऊच देत नाही. मी हे वाचलं त्या दिवशी ठिबकची नळी हातात धरून बांधावर बसून राहिले होते. सांगायला कुणीतरी हवं होतं. आता वाटतं, त्या पोरीला सांगायला हवं होतं.

मला खोट्या फोटोचा राग नाही. खोटं पसरतं कसं ते समजून घ्यावं असं मात्र मनापासून वाटतं, कारण पुष्कळदा ते खऱ्यातूनच जन्मतं. दर ऑगस्टमध्ये येणारा निरोप घ्या, २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार असं सांगणारा. त्याचं मूळ २००३ सालात आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर, आणि तितका जवळ तो जवळपास साठ हजार वर्षांत आला नव्हता. कुणीतरी लिहिलं होतं की पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला तर तो साध्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा दिसेल. ते बरोबर होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली आणि साल गळालं. उरलेलं अर्धं वाक्य वीस वर्षांहून जास्त फिरतंय.

आता दिवाळी आली की दुसरा येईल. अंतराळातून दिसणारी दिवाळीतली भारतभूमी म्हणून रंगीबेरंगी नकाशा. तो दिवाळीचा नाहीच. रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रह नोंदी बरीच वर्षं गोळा करून तो तयार केला आहे. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ साली दिसलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. म्हणजे त्या नकाशात आपल्या देशातल्या गावागावांत वीज कशी पसरत गेली याची गोष्ट आहे. आपल्या आईवडिलांच्या हयातीतली गोष्ट! आबा, तुम्हीच सांगायचा ना, गावात पहिला खांब उभा राहिला तेव्हा पोरं रात्रभर त्याच्याखाली बसली होती? तो नकाशा तुमच्या त्या रात्रीचा आहे. पणत्यांचा उजेड तेवढ्या उंचीवरून शहरांच्या रोजच्या झगमगाटात वेगळा कळतही नाही.

रात्री साडेबारा ते साडेतीन अंतराळातून घातक किरण येणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा, हा तिसरा. यावर फार लिहीत नाही. अंतराळातून किरण रोजच येतात, आणि हवेचं आवरण व पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना बरंचसं अडवतं. उशाशी मोबाईल असला काय, नसला काय.

कुणी म्हणेल, वहिनी, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. चंद्रावर ठसा आहे की नाही, याने आपल्या द्राक्षाच्या दरात काय फरक पडतो?

त्यांना २०१९ चा ऑगस्ट आठवायला सांगते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या गावांतली माणसं आपल्या शाळेत आली होती. आपल्या बायकांनी चार दिवस आळीपाळीने भाकरी थापल्या, मी तांदळाची पोती मोजत होते. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि ती बातमी आली तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात जो आकांत झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानंतरच्या रात्री याच ग्रुपवर निरोप आला, कोयना धरणाला तडा गेलाय, दोन तासांत पाणी येतंय, पुढे पाठवा. सासूबाईंना पाठीवर घेऊन आमचे हे निघाले होते. शाळेतली माणसं पावसात, अंधारात, लेकरं काखेला मारून बाहेर पडायला लागली होती.

तेव्हा कुणी थांबवलं? इंजिनिअरिंगला असलेल्या आपल्याच एका पोराने. त्याने पूरनियंत्रण कक्षाला फोन लावला, लागेना, पुन्हा लावला, पाऊण तास तेच करत राहिला, आणि मग शाळेच्या दारात उभं राहून ओरडला की धरण सुखरूप आहे, निरोप खोटा आहे, कुणीही बाहेर पडू नका. त्याला तेव्हा कुणी म्हटलं नाही की मोठ्यांना शिकवू नको. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोराने जे केलं तेच या पोरीने केलं. ऐकलेलं तपासलं आणि चुकीचं आहे ते सांगितलं. त्याच्या वेळी पाणी दाराशी होतं म्हणून आपण ऐकलं. हिच्या वेळी पाणी नव्हतं.

ग्रुप तोच आहे हे ध्यानात घ्या. सकाळी ज्याच्यावर आपण न पाहता अंगठा देतो, त्याच्यावरच पुराच्या रात्री नदी किती फुटांवर आहे ते विचारतो. रोज सवय एक आणि अडचणीत दुसरी असं माणसाचं होत नाही.

आता चंद्रावर जाण्याच्या वादाकडे येते. तोही त्या दिवशी झाला, आणि त्यात सगळेच चुकीचं बोलले असं नाही.

तात्यांनी लिहिलं होतं की टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी आपण किती वर्षं वाट पाहिली, आणि सरकार पैसा चंद्रावर घालतंय. त्यांनाही लगेच देशद्रोही ठरवलं गेलं. तात्या, मला तुमच्या प्रश्नाचा अजिबात राग आला नाही. दुष्काळात टँकरमागे धावलेल्या माणसाने हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? कुंडल आपल्यापासून कितीसं लांब आहे! प्रतिसरकारच्या काळात ज्या मुलखाने इंग्रजांना जाब विचारला, त्या मुलखात आज सरकारच्या खर्चाचा हिशोब मागितला तर कुणी दटावू नये.

पण हिशोब मागितला तर पुरता मांडूया. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १३,०४२ कोटी रुपये होते. एकूण अर्थसंकल्प ४८ लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. चंद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी, मंगळयानाचा ४५०. रक्कम मोठी आहे, मी लहान म्हणत नाही. पण आपलं पाणी या सत्तावीस पैशांत अडकलं होतं असं मला वाटत नाही. ते उरलेल्या नव्व्याण्णव रुपये त्र्याहत्तर पैशांच्या वाटपात अडकलं होतं, आणि तो हिशोब मागायला मी तुमच्या पुढे एक पाऊल चालेन.

आणि त्या सत्तावीस पैशांतलं काय आपल्या रानापर्यंत येतं? ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे घड बाहेर पडेपर्यंत आणि फुलोऱ्यात आपला जीव आभाळाकडे लागलेला असतो. ढगाळ हवा दोन दिवस टिकली की दावण्या, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, आलाच. रात्री ब्लोअर घेऊन फवारायचं की नाही, हे आपण आता मोबाईलवर ढगांचं चित्र पाहून ठरवतो. ते चित्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या इन्सॅट उपग्रहांकडून येतं. तेवढ्या उंचीवर उपग्रहाला एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो, म्हणून तो आपल्या डोक्यावर एकाच जागी थांबल्यासारखा असतो आणि अरबी समुद्रातून येणारा प्रत्येक ढग त्याला दिसतो. त्यातला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला सोडला. अंदाज चुकतात, माझीही एक फवारणी गेल्या हंगामात त्या चुकीपायी धुऊन गेली. पण तीस वर्षांपूर्वी मामंजी फक्त वाऱ्याची दिशा आणि मुंग्यांची अंडी पाहून ठरवायचे, आणि एका अवकाळीत अख्खी बाग जायची.

२०१९ च्या पुरात आभाळ आठवडाभर उघडलं नाही. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली ढगांखेरीज काही दिसलं नसतं. पाणी कुठवर पसरलंय ते नकाशे रडार असलेल्या उपग्रहांनी दिले, कारण रडारच्या लहरी ढगांतून आणि अंधारातूनही आरपार जातात. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाने मिळून सोडलेला निसार हा उपग्रह त्याच जातीचा. बारा दिवसांत तो पृथ्वीची जमीन पुन्हा पुन्हा मोजतो, मातीतला ओलावा आणि जमिनीची हालचालही टिपतो.

त्या वादात कुणीतरी बैलगाडीवरच्या उपग्रहाचा जुना फोटो टाकला आणि लिहिलं, बघा, आपली लायकी. मला त्याचं फार वाईट वाटलं. हा फोटो मात्र खरा आहे. १९८१ सालचा, ॲपल नावाच्या आपल्या दळणवळण उपग्रहाचा. पण गाडी नव्हती म्हणून तो बैलगाडीवर ठेवला नव्हता. त्याच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती, आणि लोखंडी ट्रकवर ठेवला असता तर धातूमुळे रेडिओलहरींत अडथळा आला असता. लाकडी बैलगाडीत ती अडचण नव्हती. नवं काय नि जुनं काय, कामाला योग्य ते वापरायचं, हे त्या शास्त्रज्ञांनी पाहिलं. त्याच साली १९ जूनला ॲपल अंतराळात गेला. ज्या घरात अजून दावणीला बैल आहेत त्या घरच्या माणसाने तो फोटो मान खाली घालून पाहावा, हे मला सहन होत नाही.

आता आपल्या तरुण पोरांविषयी. तुम्ही चार-पाच जण ठामपणे लिहीत होता की अमेरिका १९६९ ला चंद्रावर गेलीच नाही, सगळं स्टुडिओत केलं, झेंडा हलतोय बघा. बाळांनो, शंका घेतलीत हे चांगलं केलंत. पण शंका घेतली की उत्तर येईपर्यंत बसायचं असतं, उठून जायचं नसतं. झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, म्हणून तो पसरलेला दिसतो. रोवताना हाताने हलवला तेव्हा हलला, आणि अडवायला हवा नसल्यामुळे थोडा जास्त वेळ हलत राहिला. आकाशात तारे दिसत नाहीत, कारण उन्हात उजळलेल्या जमिनीचा फोटो काढताना कॅमेरा इतका कमी वेळ उघडतो की मंद तारे त्यात येत नाहीत. आपल्या शाळेच्या मैदानात रात्री फ्लडलाइट लावून फोटो काढा, त्यातही येणार नाहीत. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, जगभरच्या प्रयोगशाळांनी ती तपासली. त्यांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर आजही पृथ्वीवरून लेसर सोडतात आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून चंद्राचं अंतर मोजतात. आणि अमेरिकेवर विश्वास नसेल तर आपल्या चंद्रयान-२ वर ठेवा. त्याचा लँडर, त्याचंही नाव विक्रमच, २०१९ ला कोसळला, पण वरून फिरणारा भाग चालू राहिला, आणि त्याच्या कॅमेऱ्याने अपोलो-११ चा चंद्रावर राहिलेला भाग टिपला आहे.

मंगळावर वस्तीचं मात्र मी वेगळं मत मांडते. तुमच्यातले काही जण लिहीत होते की तीस वर्षांत माणसं मंगळावर राहायला जातील, शेती करतील, पृथ्वी संपली तरी चालेल. यंत्रं जावीत, माणसंही जाऊन यावीत, याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण शेतीचं म्हणाल तर जरा रानात येऊन बोलूया. मामंजींनी मुरमाड माळावर ही बाग उभी केली. खडक फोडून चर काढले, तळ्यातला गाळ आणून भरला, शेणखत घातलं, आणि जमिनीला जमीन म्हणावं इतकी ती जिवंत व्हायला दहा-बारा वर्षं गेली. आणि इथे हवा होती, गांडुळं होती, पावसाचं पाणी होतं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, सरासरी तापमान उणे साठच्या आसपास, आणि मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार. २००८ साली फिनिक्स यानाने ते शोधले. जायला सहा ते नऊ महिने, आणि निघायचा मुहूर्त साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा. तिथून हाक मारली तर ती इथे पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात. तिथे कधीतरी काहीतरी उगवेलही, आणि उगवावं. पण त्याच्या भरवशावर इथली जमीन संपली तरी चालेल, असं शेतकऱ्याच्या पोराने म्हणू नये. मला ते फार लागलं.

तिथल्या शेतीचं आजचं पाऊल किती लहान आहे आणि किती सुंदर आहे, तेही सांगते. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले, तिथे पाऊल ठेवणारे पहिले भारतीय. राकेश शर्मांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर एक्केचाळीस वर्षांनी एक भारतीय पुन्हा अंतराळात गेला. त्यांनी तिथे काय केलं? मेथी आणि मूग भिजवून मोड आणले. धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींनी आखलेला प्रयोग होता. धारवाड म्हणजे आपल्याकडून अर्ध्या दिवसाचा रस्ता. आपल्या स्वयंपाकघरात फडक्यात बांधतो तेच मूग चारशे किलोमीटर उंचीवर, जिथे मुळाला खाली कुठे आणि वर कुठे हे कळत नाही, तिथे कसे रुजतात ते पाहायचं. हे मी आमच्या जाऊबाईंना सांगितलं तर त्या मोडाची उसळ ढवळता ढवळता थांबल्या आणि म्हणाल्या, मग मूळ कुठल्या बाजूला गेलं? इतका नेमका प्रश्न मला कॉलेजात सुचला नव्हता. जाऊबाई ग्रुपवर आहेत. त्यांनी तो तिथे विचारला नाही. का विचारला नसेल, हे २३ तारखेच्या त्या उत्तरांत दिसतं.

आता माझं मागणं. ॲडमिन भाऊजी, त्या पोरीच्या वडिलांचा नंबर तुमच्याकडे आहे. निव्वळ पुन्हा जोडून घेऊ नका. आधी त्यांच्या घरी जा, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांनाही बरोबर न्या, आणि पोरीसमोर सांगा की तू बरोबर होतीस. मीही येते, मला माझं गप्प राहणं कबूल करायचंय. ग्रुपवर आपण सगळे तिला जाहीरपणे हसलो, तर बरोबर होतीस हेही ग्रुपवरच यायला हवं.

दुसरं, मुख्याध्यापकांना. नवरात्रात अष्टमीला संध्याकाळी सात ते नऊ शाळेचं मैदान द्या आणि त्या वेळेपुरते मैदानातले दिवे मालवायला सांगा. सांगलीला शिकणाऱ्या माझ्या भाच्याकडे चार इंची दुर्बीण आहे, तो घेऊन येतो म्हणालाय. अष्टमीचा चंद्र अर्धा असतो आणि संध्याकाळी चांगला वर असतो. उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, म्हणून पौर्णिमेपेक्षा अर्ध्या चंद्रातच खड्डे जास्त उठून दिसतात. चंद्रयान-३ उतरलं ती शिवशक्तीची जागा दक्षिणेच्या कडेला, त्या दिवशी उजळलेल्याच अर्ध्यात येते. लँडर दिसणार नाही, कुठल्याही चार इंची दुर्बिणीतून तो दिसत नाही, हे पोरांना आधीच सांगू. पण जागा बोटाने दाखवता येईल. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तेव्हा दक्षिण कडा वर शोधायची.

दुर्बिणीजवळ उभं राहून लोकांना समजावून सांगायला मी त्या पोरीला विचारणार आहे. ती हो म्हणाली तर बरं. पाऊस असला तर नवमीला. बायकांनी घट आणि आरती उरकून यावं, मैदानात सतरंज्या टाकलेल्या असतील, आणि आबांसाठी खुर्ची मी घरून आणते.

आपली,
गावची एक सून आणि द्राक्ष बागायतदार
ता. पलूस, जि. सांगली